मदत हवी आहे: पाचट बेलरवाल्याला द्यावं की खोडव्यात कुजवावं?

नमस्कार मंडळी,

शेत सांगली जिल्ह्यात, अडीच एकर ऊस. लावणीचा ऊस मागच्या आठवड्यात तुटून गेला, आता खोडवा (त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) धरायचाय. तोडणीची टोळी हलली त्याच संध्याकाळी बेलरवाला (यंत्रानं गाठी बांधणारा) दारात हजर. पाचट, म्हणजे रानात पडलेला उसाचा वाळका पाला, फुकट उचलतो, वर टनामागं चार पैसे देतो, गाठी जैवइंधनाला जातात म्हणाला. आबा खूश. रान आयतं मोकळं होतंय.

मीही हो म्हणणारच होतो. कचऱ्यातून इंधन निघतंय, वाईट काय त्यात? मग वही घेऊन बसलो आणि तिथंच अडकलो.

एकरी ३ ते ४ टन पाचट निघतं. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत त्यात नत्र (नायट्रोजन) ०.५ टक्के, पालाश (पोटॅश) ०.७५ ते १ टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के दिलेला असतो. म्हणजे ४ टनांत २० किलो नत्र (युरियाचं एक पोतं) आणि ३० ते ४० किलो पालाश. हे सगळं गाठी बांधून बाहेर पाठवायचं आणि पुन्हा दुकानातून पोती आणायची. ती पोती बनवायलाही इंधन जळतंच की!

पानिपतला २०२२ पासून भाताच्या काडापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प आहे, क्षमता दिवसाला १०० किलोलिटर. तिथलं गणित मला पटतं, कारण ते काड नाहीतर शेतात पेटवलंच जातं. पण आम्ही चार वर्षांत पाचट पेटवलेलं नाही, सरीत कुजवतो. मग आमच्या पाचटाचं इंधन झालं तर निसर्गाचा फायदा नक्की किती?

थोडं द्यावं, थोडं ठेवावं असं कुणी करतं का? आणि बायोगॅसच्या प्रकल्पाला दिलं तर नत्र-पालाश स्लरीत (गॅस काढून उरलेल्या रबडीत) उरतं, ती स्लरी कुणाला परत मिळालीय का?

उत्तर १

दादा, हिशोबात एक मेख आहे. पाचट कुजवायला टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू टाकायचे असतात. म्हणजे ४ टनांना ३२ किलो युरिया आधी तुम्हीच घालणार! जिवाणू तो सुरुवातीला स्वतःच खातात. पहिल्या वर्षी युरिया वाचला असं धरू नका. वाचतं ते पाणी. आमच्याकडं उन्हाळ्यात आठ दिवसांची पाळी बारावर जाते, तणही कमी.

मी लावणीच्या उसाचं पाचट कधीच देत नाही. खोडवा मोडायच्या वर्षी देतो, तेव्हा ते नांगराला अडतंच. आणि वाफसा नसताना, म्हणजे रान ओलं असताना, बेलर आत घेऊ नका, बुडखे चिरडतात.

गाठी कुठं जातात ते आधी विचारा. बॉयलरला गेल्या तर नत्र धुराड्यातून गेलं, पालाश राखेत.

धागाकर्ता

विचारलं. ब्रिकेटच्या (दाबून केलेल्या जळणाच्या विटांच्या) कारखान्याला जातात म्हणे. पुढं राखेचं काय होतं, त्याला ठाऊक नाही. आबांना पाण्याच्या पाळीचा मुद्दा सांगितला, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान डोलावली. विहिरीकडचं एक एकर मात्र देऊनच टाकू म्हणतात, तिथं उंदीर फार झालेत. स्लरीचं कुणाला माहीत असेल तर अजूनही सांगा.