मदत हवी आहे: "झाडं चालतात का, बाई?"

कळव्याची_बाई: परवा तास आहे आणि मी पार अडकलेय. हवामानबदलामुळे प्रजातींच्या जागा कशा बदलतात, हे दोनदा शिकवलं. मुलांच्या डोक्यात मात्र थंडीत येणारे-जाणारे पक्षीच. एकीने विचारलं, "मग झाडं चालतात का, बाई?" मला नीट सांगता आलं नाही. करून दाखवण्यासारखं काही सुचवा, लवकर.

ऐरोलीकर: इयत्ता कुठली? तास किती मिनिटांचा?

खाडीकाठ: ठाणे खाडीवरचे फ्लेमिंगो दाखवा की! २०२२ पासून रामसर स्थळ आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मुलांना बसने न्या.

सह्यवेडा: फ्लेमिंगो नकोत. सांडपाण्यामुळे शेवाळ वाढलं, म्हणून ते इथे जमतात असं सांगतात. शिवाय ते ये-जा करणारे, गोंधळ वाढेल. तारली मासळी घ्या. पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकची, १९८०च्या दशकापासून समुद्र तापत गेला तशी उत्तरेकडे पसरली.

खाडीकाठ: मी वीस वर्षं खाडीवर जातोय. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मुलांना काही पटत नाही.

नेरूळचे_आजोबा: प्रोजेक्टर घेताना ल्यूमेन, म्हणजे त्याच्या उजेडाची ताकद, बघून घ्या. उजेडात चित्र पुसट दिसतं.

कळव्याची_बाई: नववी, ३५ मिनिटं, ५८ मुलं. बस मिळणार नाही, प्रोजेक्टर बंद आहे. तारली मुलांना माहीत आहे, पण ती पोहते. झाडाचं काय?

ऐरोलीकर: मग जिना वापरा, मी केलंय. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे हवा १ अंशाने तापली की तेच हवामान दीडशे मीटर वर मिळतं. एक पायरी दीडशे मीटरची धरा. एका जातीची तीन मुलं, लागोपाठच्या तीन पायऱ्यांवर. "१ अंश" म्हटलं की सगळ्यात खालचं खाली बसतं, ते झाड वाळलं. वरच्या पायरीवर नवं मूल येतं, तिथे बी रुजलं. मधली दोघं जागची हलत नाहीत. कोणीच चालत नाही, तरी त्या जातीचा राहण्याचा पट्टा वर जातो. शेवटच्या पायरीवरच्या जातीला वर जागाच उरली नाही, तेव्हा माझा वर्ग गप्प झाला होता.

सह्यवेडा: हे छान. जोडीला सिक्कीम सांगा. हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४९-५० मध्ये केलेल्या नोंदी नव्या पाहणीशी ताडल्या, तर तिथल्या १२४ प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच भागात सापडणाऱ्या) वनस्पतींपैकी ८७ टक्के वर सरकलेल्या. आणि 'स्थलांतर' शब्द फळ्यावर लिहूच नका, घोळ तिथेच होतोय. 'पट्टा सरकला' म्हणा.

खाडीकाठ: जिन्यावर ५८ मुलं? कोणीतरी पडेल.

कळव्याची_बाई: बाराच जणांना उभं करते, बाकीचे खालून बघतील. 'पट्टा सरकला' एकदम पटलं. पण आमच्या जिन्याला अकराच पायऱ्या आहेत, पुरतील?

ऐरोलीकर: पुरतील. एक जात अगदी वरच्या पायरीपर्यंत उभी करा, तेवढं विसरू नका.