विषय: उन्हाळी सहल – सेझिनकोट बघून आलो

नमस्कार मंडळी,

सहलीची जागा आधी कुणीतरी बघून या, असं सभेत ठरलं होतं. त्याप्रमाणे गुरुवारी रजा टाकून आम्ही दोघं इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत सेझिनकोट हे जुनं घर आणि त्याची बाग बघून आलो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून मोरटन-इन-मार्शची गाडी, तिथून शेतातल्या पायवाटेनं बोर्टन-ऑन-द-हिल आणि पुढे सेझिनकोट. तीनएक मैल चाल. वाटेत मेंढ्या, लाकडी फाटकं आणि मधाच्या रंगाच्या दगडाची घरं. चिखल मात्र घोट्यापर्यंत!

मग कुरणाच्या पलीकडे झाडीतून एकदम हिरवा तांब्याचा घुमट वर आला. छज्जे, छत्र्या, कमानी, सगळं मुघली थाटाचं, आणि खाली ग्लॉस्टरशरच्या मेंढ्या चरतायत. हे घर 1805च्या सुमारास सर चार्ल्स कॉकरेलनं बांधून घेतलं. तो बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. नकाशे भावाचे, सॅम्युअल पेपिस कॉकरेलचे. गंमत म्हणजे हा मुघली थाट फक्त बाहेर, आत शिरलं की सगळं ग्रीक वळणाचं. इंग्लंडचा युवराज 1807 साली इथे येऊन गेला, आणि ब्रायटनचा त्याचा राजवाडा, तो पॅव्हेलियन, पुढे या धर्तीवर सजला म्हणतात.

मला मात्र घरापेक्षा बाग आवडली. ओढ्याच्या वरच्या अंगाला सूर्याचं छोटं देऊळ आहे, खाली पूल. पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत, देवळाकडे बघायचं सोडून कठड्यावर! पुलाखाली पाण्यातल्या दगडांवरून वाकून गेलं की जाडजूड खांब लागतात. हे कुठेतरी पाहिलंय, असं वाटत राहिलं. मग माहितीपत्रकात वाचलं: घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेत. शाळेच्या सहलीत लाँचमध्ये ओकत गेलो होतो, तेच खांब.

बाग रोज उघडी नसते, तेव्हा तारीख त्यांच्या वेळा बघूनच ठरवू.

– सहल समितीतर्फे

---

उत्तर:

छान लिहिलंयस रे. पण कंपनीच्या पैशावर उभं राहिलेलं घर आपण तिकीट काढून बघायचं, आणि वर कौतुकही करायचं? असो, बागेवर माझा राग नाही. खरा प्रश्न गुडघ्यांचा आहे. तीन मैल चिखल मला जमणार नाही. गाडी कुठपर्यंत जाते? आणि दगडांवरून वाकून जायचं सोडून ते खांब बघता येतात का?

– रेडिंगच्या काकू

---

उत्तर:

काकू, तुमचा मुद्दा बरोबर आहे, तरी एक धागा सांगतो. या बागेच्या आराखड्यात थॉमस डॅनियल या चित्रकाराचा हात होता. 1793 साली तो पुतण्याबरोबर मुंबईत होता. तिथे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार भेटला आणि त्याच्याबरोबर त्यांनी आसपासची लेणी पाहिली. वेल्स म्हणजे पेशव्यांच्या दरबारात चित्रं काढणारा. तो 1795 साली वारला, तेव्हा त्यानं केलेली वेरूळची रेखाटनं डॅनियलनंच छापून काढली. लंडनच्या टेट संग्रहात पुण्याच्या दरबाराचं मोठं चित्र आहे. सवाई माधवराव आणि पुण्यातला कंपनीचा वकील मॅलेट यांच्यातला 1790चा तह. तेही डॅनियलचं, वेल्सच्या रेखाटनांवरून 1805 साली केलेलं. म्हणजे इकडे हे घर उभं राहत होतं आणि त्याच सुमारास डॅनियल शनिवारवाड्यातला दरबार रंगवत होता. नंदी कठड्यावर बसवले खरे, पण घारापुरीचे खांब त्यानं प्रत्यक्ष पाहिलेले होते.

– निवृत्त मास्तर, ऑक्सफर्ड

---

उत्तर:

मास्तर, सहलीच्या दिवशी हे तिथे पुलापाशी सांगा. काकू, मोरटनहून टॅक्सी करू, तुम्ही आणि डबे गाडीतून. खांब वरून दिसत नाहीत, पण दोघं मिळून हात धरू. बाकीच्यांनी जुने बूट आणा, नवे आणलेत तर माझ्याकडे बघू नका.

– सहल समितीतर्फे