टेलर फक्त ठगांपुरता नाही

‘ठगाची जबानी’ ही कादंबरी लिहून नाव कमावलेला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर म्हणजे नुसता सनसनाटी लेखक, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. एक तर तो कंपनीचा नव्हे, निजामाचा चाकर. १८५३ नंतर नळदुर्ग जिल्हा त्याच्या ताब्यात होता, तुळजापूर जवळच. १८६३ च्या ‘तारा’ या त्याच्या कादंबरीची नायिका तिथल्याच भवानीच्या देवळातली, हा काही योगायोग नव्हे!

त्याआधी सुरपूर संस्थानात (आजच्या कर्नाटकात) लहानग्या बेरड राजाचा कारभार त्याने पाहिला. पोरगा त्याला ‘अप्पा’ म्हणायचा. १८५८ मध्ये तोच राजा बंड करून कैदेत पडला. फाशी टळली, पण तुरुंगाच्या वाटेवर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने त्याने जीव दिला. टेलरच्या आत्मचरित्रातला हा भाग वाचताना साहेबाचा रुबाब कुठेच दिसत नाही.