पहिल्या हिवाळ्यातले कपडे : तुमचे अनुभव सांगा

येत्या जानेवारीत माझी भाची शिकायला परदेशी निघाली आहे. आजवरचं सगळं आयुष्य उकाड्यात गेलेलं. जिथे चालली आहे तिथे त्या दिवसांत पारा उणे पंधराच्या आसपास असतो, हे तिने वाचलंय. पण उणे पंधरा म्हणजे काय ते वाचून कळत नाही. काल तिने विचारलं, "मावशी, सगळ्यात जाड कोट कुठला घेऊ?" बारा वर्षांपूर्वी मीही हेच विचारत होते. तो प्रश्नच चुकीचा होता, हे कळायला मला एक अख्खा हिवाळा कुडकुडावं लागलं. म्हणून हा धागा. उबदार हवेतून थंडीत जाऊन राहिलेल्या सगळ्यांनी लिहा. कंपन्यांची नावं नकोत. काय घातलं होतं, थंडी कुठून शिरली आणि मग काय बदललंत, एवढं सांगा.

सुरुवात माझ्यापासून. माझा कोट गुडघ्यापर्यंत, चांगला वजनदार. आत सुती बनियन, त्यावर शर्ट आणि दोन स्वेटर. एका सकाळी बस दिसली म्हणून पळाले, तरी ती निघून गेली. पुढची वीस मिनिटांनी. पहिली दोन-तीन मिनिटं मस्त ऊब होती. मग पाठीच्या कण्यावरून कुणीतरी गार बोट फिरवावं तसं वाटायला लागलं. बनियन घामाने भिजून पाठीला चिकटलं होतं. कोट कितीही जाड असला तरी उपयोग नव्हता, कारण थंडी बाहेरून येतच नव्हती, आत अंगालाच लागून होती. पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, आणि सुती कापड ते पाणी धरून ठेवतं. बस येईपर्यंत माझे दात वाजत होते.

त्यानंतर थंडीत अंगालगत सुती काही घातलं नाही. आता आत बारीक लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर्मल, मध्ये फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड, बाहेर वारा अडवणारं जाकीट. घरातून निघाल्यावर पहिली पाच मिनिटं जरा गारच वाटलं पाहिजे. निघतानाच छान ऊब वाटत असेल तर दहा मिनिटांनी घाम येणार, हे ठरलेलं. चढ लागला, चालण्याचा वेग वाढला, की मी लगेच झिप खाली ओढते.

*

मावशींच्या घामाबद्दल शंभर टक्के सहमत. माझा अनुभव वाऱ्याचा. आमच्या शहरात बर्फ बेताचाच, पण वारा अंगावर धावून येतो. पहिल्या वर्षी मी फक्त तापमान बघायचो. "उणे दहाच तर आहे" म्हणून कान उघडे टाकून निघालो. उणे दहात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं असतं. कॅनडा आणि अमेरिकेची हवामान खाती २००१ पासून एकाच सूत्राने हा आकडा काढतात. फोनवर 'फील्स लाइक' म्हणून दिसतो. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. मी आता कपडे ठरवताना आधी तोच बघतो.

त्या दिवशी ऑफिसात पोचलो तेव्हा उजव्या कानाची पाळी पांढरीफटक होती आणि हात लावला तरी कळत नव्हतं. मी चोळायला लागलो तर सहकाऱ्याने माझा हात धरला. चोळायचं नाही. गोठलेली कातडी चोळली की आणखी इजा होते. त्याने स्वतःचा गरम तळहात कानावर नुसता टेकवून धरला, पाच-सात मिनिटं. मग कान लाल झाला आणि असा ठणकला की डोळ्यांत पाणी आलं. माझं तेवढ्यावर निभावलं. संवेदना परत येत नसेल किंवा फोड आले तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

कानटोपी कान पूर्ण झाकणारीच घ्या. डोक्यावर मधोमध बसणारी, दिसायला छान असलेली टोपी थंडीत कामाची नाही.

*

माझं सगळं दुखणं पायांचं होतं. बोटं बधिर होतात म्हणून मी एकावर एक दोन जाड मोजे चढवायचे आणि पाय कसाबसा बुटात कोंबायचे. त्याने बोटं जास्तच गार पडायची. का ते एका दुकानातल्या बाईंनी सांगितलं : बूट आवळला की बोटांकडचं रक्त कमी होतं, आणि मोजे दाबले गेले की त्यातली हवा निघून जाते. ऊब त्या हवेचीच असते. त्यांनी मला एकच जाड लोकरी मोजा घालायला लावला, अर्धं माप मोठा बूट दिला आणि म्हणाल्या, "आत बोटं हलवून दाखव." हललीच पाहिजेत. आतून फेल्टचा जाड पतावा घातला, कारण जमीन खालून थंडी पोचवतच असते. त्या बुटांनी माझे सहा हिवाळे काढले.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, बूट तिकडे जाऊनच घ्या, मोजा घालून, दुकानात चार फेऱ्या मारून. उबदार हवेच्या शहरात मिळणाऱ्या बुटांचे सोल थंडीत लाकडासारखे कडक होतात आणि बर्फावर सटकतात.

*

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे बुटांवर पांढरे ओघळ येतात, ते तसेच राहू देऊ नका, चामडं तडकतं. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून त्या फडक्याने पुसायचं. ओल्या बुटांसाठी दारातच ट्रे ठेवा.

*

हातांसाठी पाच बोटांचे हातमोजे विसरा. चार बोटं एकत्र राहतील असे मिटन्स घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. आत पातळ हातमोजे घालावेत, म्हणजे किल्ली काढायला मिटन काढलं तरी हात उघडा पडत नाही.

*

इथे बहुतेकांनी कोरड्या थंडीबद्दल लिहिलंय. मी समुद्राकाठच्या शहरात असते. आमच्याकडे पारा फार तर शून्याला टेकतो, बहुतेकदा दोन-तीन अंश आणि रिपरिप पाऊस. कुणाला सांगितलं तर म्हणतात, "एवढंच? मग काय!" पण ही ओली थंडी हाडात शिरते, आणि तिचे कपडे वेगळे आहेत हे मला कुणी सांगितलं नाही.

मी जाताना पिसांचं, म्हणजे डाउनचं जाकीट घेतलं होतं. हलकं, फुगीर, उबदार. पहिल्याच आठवड्यात तासभर पावसात सापडले. घरी येऊन काढलं तर दोन्ही खांद्यांवर नुसतं कापड उरलं होतं, पिसं सगळी गोळा होऊन शिवणीपाशी लोंबत होती, ओल्या कापसासारखी. पिसं भिजली की फुगत नाहीत आणि फुगली नाहीत तर हवा धरत नाहीत. शेजारच्या बाईंनी ते सुकवण्याच्या मशीनमध्ये मंद तापमानावर दोन-तीन टेनिसचे बॉल घालून फिरवायला सांगितलं. मी दर अर्ध्या तासाने काढायचे, एकेक कप्पा चिमटीत धरून गाठी मोकळ्या करायचे, परत टाकायचे. संध्याकाळ सगळी गेली, पण जाकीट वाचलं. फॅब्रिक सॉफ्टनर त्याला कधीही लावू नका.

आता पावसाळी थंडीत वरून वॉटरप्रूफ जाकीट आणि आत लोकर. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास बाष्प पिते तरी हाताला ओली लागत नाही. टोचते म्हणून टाळणाऱ्यांनी बारीक धाग्याची मेरिनो एकदा अंगाला लावून बघावी. डाउन मी फक्त कोरड्या दिवसांसाठी ठेवलंय. ते घेताना एक बघा : लेबलवरचा ६५० किंवा ८०० असा आकडा म्हणजे एक औंस पिसं किती घन इंच फुगतात त्याचं माप. आत पिसं किती भरली आहेत ते त्यावरून कळत नाही. ८०० वाचून घेतलेलं पातळ जाकीट जाड ६५० पेक्षा थंड असू शकतं.

*

दोन मुलांची आई म्हणून लिहिते. मुलांचं सगळं सैल पण कडा घट्ट, असं बघायचं. बर्फ शिरतो तो मनगटातून आणि घोट्यातून. मिटन्स लांब घ्या, बाहीच्या आत नाही तर बाहीवरून कोपराकडे जाणारे. स्नो पँटची आतली झालर बुटावरून खाली ओढायची. गळ्याला मफलर नको, मैदानात कुठेही अडकून फास बसू शकतो. नळीसारखा नेकवॉर्मर घाला. दप्तरात कोरड्या मिटन्सचा दुसरा जोड रोज असू द्या.

आणि हे कळकळीने सांगते : गाडीच्या कारसीटमध्ये मुलाला फुगीर जाकीट घालून बसवू नका. पट्टा घट्ट दिसतो, पण तो जाकिटावर घट्ट असतो, मुलावर नाही. अपघातात जाकीट दबतं आणि पट्टा तेवढा सैल पडतो. माझा विश्वास बसेना. मग धाकट्याला जाकिटासकट बसवून पट्टा आवळला, त्याला उतरवून जाकीट काढलं आणि पट्टा तसाच ठेवून परत बसवलं. छाती आणि पट्ट्याच्या मध्ये माझी अख्खी मूठ गेली. त्या दिवसापासून आम्ही फ्लीसवर पट्टा लावतो आणि जाकीट वरून उलटं पांघरतो.

*

मी रात्रपाळीत मालाच्या यार्डात, उघड्यावर काम करतो. ओझं उचललं की घाम, थांबलं की गारठा, आठ तास हेच. माझा उपाय साधा आहे : मधल्या सुट्टीत अंगालगतचा थर्मल बदलतो, मोजेही. कोरडा थर्मल अंगात घातला की काम नव्याने सुरू केल्यासारखं वाटतं. हात गरम करायच्या पुड्या मिळतात, त्यात लोखंडाची पूड असते, हवा लागली की ती गंजते आणि त्यातून उष्णता निघते. थेट कातडीवर ठेवायची नाही, भाजतं. फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात बॅटरी बघता बघता उतरते. आणि कपड्यांवर रिफ्लेक्टर लावा. उत्तरेकडे दुपारी चारलाच अंधार होतो, काळं जाकीट गाडीवाल्याला दिसत नाही. फिनलंडमध्ये तर अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने रिफ्लेक्टर वापरावा असं कायद्यातच आहे.

*

थर्मल रोज घालावा याला माझा विरोध आहे. मला गाडीने दारापासून दारापर्यंत जायचं असतं आणि ऑफिसात हीटर बावीसवर. पहिल्या महिन्यात थर्मल घालून बसायचे, दुपारपर्यंत जीव नकोसा व्हायचा आणि पाठभर खाज. आता पुढून उघडणारे, पटकन काढता येतील असे कपडे. थर्मल फक्त ज्या दिवशी खरंच चालायचं असेल त्या दिवशी. दिवस बाहेर किती आणि आत किती जाणार आहे, ते बघून ठरवा. आणि अंघोळीनंतर ओलसर अंगालाच क्रीम लावा. हीटरची कोरडी हवा कातडीला भेगा पाडते आणि मग लोकर जास्तच टोचते.

*

गेल्या हिवाळ्यात माझे बाबा महिनाभर आले होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्यासाठी मी हौसेने चांगला लांब, जड कोट घेतला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मी घरातच बसतो रे, मला बाहेर नको." मला वाटलं थंडी सोसत नाही. मग एकदा कोट चढवताना बघितलं : दुसरी बाही शोधत त्यांचा हात मागे चाचपडत होता आणि खांदा आखडत होता. कोटाचं ओझं होत होतं त्यांना, सांगत नव्हते. तो परत करून अगदी हलकं जाकीट आणलं. नाडीचे बूट बदलून बाजूला झिप असलेले घेतले, खाली वाकावं लागू नये म्हणून खुर्ची दारातच ठेवली. बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटांना रबरी पट्ट्यांवरचे खिळे बसवले, काठीला टोकाशी काटा लावला. मफलर नाकावर घेतला की चष्म्यावर वाफ धरायची आणि पायाखालचं दिसायचं नाही, म्हणून नाक झाकायचा मफलर चष्म्याखाली दाबून बसवायला शिकवलं. शेवटचे दोन आठवडे ते रोज सकाळी माझ्याआधी तयार होऊन दारात उभे असायचे.

*

धागाकर्त्या मावशींना : भाची जानेवारीत उतरणार, म्हणजे पहिल्याच रात्री थंडी गाठणार. मी असाच उतरलो होतो. कानटोपी, हातमोजे, मोजे सगळं सामानाच्या बॅगेत, आणि ती बॅग दोन दिवसांनी आली. पायात कापडी बूट. विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंत दोनशे पावलं असतील, ती मला अजून आठवतात. टोपी, मिटन्स, लोकरी मोजे आणि थर्मलचा एक जोड हातातल्या पिशवीत असू द्या. जाकीट अंगावर. याखेरीज घरून आतले थर आणि मोजे तेवढे आणावेत, बाकी इथे येऊन घ्यावं.

बुटांची मात्र पंचाईत होते, कारण दुकानापर्यंत जायला आधी बूट लागतात. म्हणून मी हिवाळाभर गाडीच्या डिकीत तीन मापांचे जुने बूट आणि दोन जाकिटं ठेवतो, नवीन येणाऱ्यांसाठी. ती कुठल्या शहरात उतरतेय ते कळवा. आमच्या भागात असेल तर विमानतळावर मी येईन. पायाचं माप आधी सांगून ठेवा, जाड मोजा धरून अर्धं माप मोठा जोड आणेन.