सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराबद्दल मराठीत बोलणारं कोणी पुण्यात आहे का? मदत हवी आहे

आमच्या वारज्यातल्या वाचनगटात नंदुरबार-गडचिरोलीकडची शिकायला आलेली मुलं-मुलीही येतात. सिकलसेलवरच्या क्रिस्पर (जनुकात बदल करण्याचं तंत्र) उपचाराला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, त्यावर चर्चा रंगली. किंमत सुमारे २२ लाख डॉलर! मग गाडी तपासणीवर आली. आई-वडील दोघंही वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्नाआधी तपासणी हवीच. पण एक मुलगी म्हणाली, "तपासणीच्या कार्डावर 'वाहक' लिहिलं की स्थळं परत जातात." वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे घरच्यांना कोण पटवणार? मला हे फार लागलं.

पालकांशी साध्या मराठीत बोलेल असं कोणी जनुकीय समुपदेशक किंवा रक्तविकारतज्ज्ञ माहीत आहे का? रविवारी सकाळी जमेल. मानधन थोडंच देता येईल.