%एस ला चुकीचा पॉइंटर गेला की कधी कंसातला ‘ईफॉल्ट’ छापला जातो, कधी अख्खा कर्नल आडवा होतो. असं का?

खान_नदीकाठ (इंदूर)

नमस्कार मंडळी. पिथमपूरच्या एका टेस्ट बेंचसाठी पीसीआयई डेटा कार्डाचा ड्रायव्हर आहे. कर्नल ६.१, एक्स८६-६४, बूटला स्लब_डीबग=एफझेडपीयू (मेमरीतल्या चुका शोधायची सोय) दिलेलं. कार्डाला १६ चॅनल. चॅनलच्या स्ट्रक्चरमध्ये ‘नेम’ हा ३२ बाइटचा अ‍ॅरे २४ व्या ऑफसेटला बसतो, आणि ‘लेबल’ हा वेगळा कॅरॅक्टर पॉइंटर आहे. लेबल यूजरस्पेसकडून (साध्या प्रोग्रॅमकडून) आयऑक्टलने (ड्रायव्हरला आज्ञा देणाऱ्या कॉलने) येतं आणि स्ट्रएनडप_यूजर ने कर्नलमध्ये घेतलं जातं. इंटरप्ट हँडलरमध्ये दोन ठिकाणी छपाई आहे, एकीकडे नेम, दुसरीकडे लेबल, दोन्ही प्रिंटके या कर्नलच्या छपाई फंक्शनमधून, साध्या %एस ने (स्ट्रिंग छापायची खूण).

दिसतं ते असं:

– नेमच्या जागी कधीकधी कंसात ‘ईफॉल्ट’ येतं आणि काम पुढे चालू राहतं.
– खूप लांब लेबल पाठवलं की त्यानंतर लेबलच्या जागीही तेच.
– मॉड्यूल काढताना क्वचित जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. पत्ता ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी, आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता) स्ट्रिंग_नोचेक वर (प्रिंटकेचं स्ट्रिंग वाचणारं फंक्शन), आणि लगेच पॅनिक (कर्नल पूर्ण थांबणं). एकदा पॅनिकऐवजी लेबलच्या जागी रोमन लिपीतल्या ‘के’ची लांबलचक माळ छापली गेली.

प्रिंटके चुकीचे पॉइंटर सांभाळून घेतो असं वाचलं होतं, मग इथे का नाही? टीममध्ये सूचना अशी आहे की एक मॅक्रो करावा: छापण्याआधी प्रत्येक पॉइंटर व्हर्ट_अ‍ॅडर_व्हॅलिड ने तपासायचा. हे बरोबर आहे का? शिवाय %पी ने (पॉइंटर छापायची खूण) छापलेला पत्ता ऊप्समधल्या (कर्नलच्या चूक-अहवालातल्या) पत्त्याशी जुळत नाही, तेही समजत नाही.

---

मांडवी_बडोदा

तिन्ही लक्षणांची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी प्रिंटके काय सांभाळतो ते पाहू. लिब फोल्डरातली व्हीएसप्रिंटएफ.सी उघडा आणि चेक_पॉइंटर_एमएसजी हे फंक्शन वाचा. चार-पाच ओळींचंच आहे. पॉइंटर शून्य असेल तर कंसात ‘नल’. पत्ता पहिल्या पानात, म्हणजे तुमच्या मशीनवर ४०९६ च्या खाली असेल, किंवा शेवटच्या ४०९५ पत्त्यांत असेल, जिथे एरर पॉइंटर राहतात, तर कंसात ‘ईफॉल्ट’. यापलीकडे काहीही तपासलं जात नाही. बाकी कुठलाही आकडा ‘खरा पत्ता’ समजून तिथून थेट वाचायला सुरुवात होते. तिसरा एक शिक्का आहे, ‘ईइनव्हल’: पत्ता ठीक पण तिथला डेटा त्या फॉर्मॅटला न पटणारा. साध्या %एस ला तो लागू नाही.

आता तुमचं पहिलं लक्षण. चॅनलचा पॉइंटर नल आहे. नेम हा स्ट्रक्चरच्या आतला अ‍ॅरे असल्यामुळे हँडलर काही वाचत नाही, फक्त बेरीज करतो: शून्य अधिक २४. हा २४ प्रिंटकेकडे जातो, पहिल्या पानात बसतो, म्हणून ‘ईफॉल्ट’. त्याच नल चॅनलमधून लेबल छापायला गेलात तर लेबलची किंमत आधी स्ट्रक्चरमधून वाचावी लागते, आणि ते वाचन तुमच्या हँडलरमध्येच कोसळतं. प्रिंटकेपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. म्हणून ऊप्समध्ये आरआयपी कुठे आहे हे सर्वांत आधी बघायचं. स्ट्रिंग_नोचेक असेल तर पॉइंटरची किंमतच खराब, तुमचं स्वतःचं फंक्शन असेल तर पॉइंटर ज्यातून काढला ते स्ट्रक्चर खराब.

अ‍ॅरे ४०९६ च्या पुढच्या ऑफसेटला असता तर हे कवचही मिळालं नसतं. मोठी स्ट्रक्चरं असलेल्या ड्रायव्हरमध्ये हे हटकून चुकतं.

दुसरं लक्षण: स्ट्रएनडप_यूजर अपयशी झाला तर नल देत नाही, एरर पॉइंटर देतो. मर्यादेपेक्षा लांब स्ट्रिंगला उणे ईइनव्हल, यूजरचा पत्ता वाईट असेल तर उणे ईफॉल्ट, मेमरी नसेल तर उणे ईनोमेम. तुमच्या कोडमध्ये ‘जर लेबल नल असेल तर’ एवढीच अट असणार, आणि एरर पॉइंटर त्यातून सुखरूप निघून साठवला गेला. इथे इझ_एरर ने तपासा, पॉइंटर साठवण्याआधी. आणि एक गैरसमज टाळा: छापलेला ‘ईफॉल्ट’ हा फक्त शिक्का आहे, आतला एरर कोड नव्हे. तुमच्या केसमध्ये आत ईइनव्हल आहे आणि बाहेर ईफॉल्ट दिसतंय. खरा कोड हवा असेल तर %पीई वापरा, ५.५ पासून आहे. सिम्बॉलिक_एररनेम कॉन्फिग चालू असेल तर नाव छापतो, नसेल तर आकडा.

%पी चं उत्तर छोटं आहे. ४.१५ पासून साधा %पी पत्त्याचा हॅश छापतो, कर्नलचे पत्ते बाहेर फुटू नयेत म्हणून. एकाच बूटमध्ये तोच पत्ता तोच हॅश देतो, त्यामुळे ‘हे दोन पॉइंटर एकच का’ एवढं कळतं. ऊप्सशी जुळवायचं तर टेस्ट मशीनवर नो_हॅश_पॉइंटर्स हे बूट पॅरामीटर द्या, ५.१२ पासून मिळतं. %पीएक्स लिहून पॅच पाठवू नका, चेकपॅच (पॅच तपासणारी स्क्रिप्ट) लगेच हटकेल, आणि बरोबरच आहे ते.

---

लष्कर_ग्वाल्हेर

तिसऱ्या लक्षणाबद्दल. ६बी हा स्लबचा (कर्नलच्या मेमरी-वाटपकाचा) पॉइझन बाइट आहे: मोकळी केलेली मेमरी तो ६बी ने भरतो आणि ऑब्जेक्टच्या शेवटच्या बाइटला ए५ लावतो. तुमचे दोन्ही प्रसंग यातूनच आले. चॅनलचं स्ट्रक्चरच केफ्री (मेमरी मोकळी) झालं असेल तर त्यातून वाचलेला लेबल पॉइंटर म्हणजे ६बी ची रांग. ४८ बिटांच्या पत्त्यांत असा पत्ता बसूच शकत नाही, त्याचे वरचे बिट जुळत नाहीत, म्हणून पेज फॉल्टऐवजी जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. आणि फक्त लेबलची मेमरी मोकळी झाली, स्ट्रक्चर शाबूत राहिलं, तर पॉइंटर अगदी वैध दिसतो, आत मात्र ६बी भरलेला. आस्की मध्ये ६बी म्हणजे लहान ‘के’. ती माळ तिथून आली.

ही दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा वाईट आहे, कारण प्रॉडक्शनमध्ये पॉइझन बंद असतं. तिथे ‘के’ दिसणार नाहीत, दुसऱ्याच कुणाचा तरी डेटा लेबल म्हणून लॉगमध्ये जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

कारण बहुतेक हे असावं: इंटरप्ट डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू ने घेतलाय आणि चॅनल, लेबल मात्र रिमूव्ह (ड्रायव्हर काढतानाचं फंक्शन) मध्ये हाताने केफ्री होतायत. डेव्हएमच्या (कर्नल आपोआप सोडतो त्या) गोष्टी रिमूव्ह परतल्यानंतर सुटतात. म्हणजे केफ्री झाल्यापासून इंटरप्ट सुटेपर्यंत एक फट राहते, आणि कार्ड अजून जिवंत आहे. तेवढ्यात इंटरप्ट आला की झालं. इंटरप्ट कॉन्टेक्स्टमधला ऊप्स थेट पॅनिकच होतो, म्हणून मशीन सावरलं नाही.

उपाय दोन, एक निवडा. चॅनलची मेमरी डेव्हएम_केझालॉक ने घ्या, आणि ती इंटरप्ट मागण्याच्या आधी घ्या. डेव्हएम उलट्या क्रमाने सोडतो, त्यामुळे आधी इंटरप्ट जाईल, मग मेमरी. किंवा रिमूव्ह मध्ये क्रम स्वतः सांभाळा: कार्डाच्या रजिस्टरमधून इंटरप्ट बंद, मग डेव्हएम_फ्री_आयआरक्यू (हा चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतो), मग केफ्री. पहिला उपाय मला जास्त पटतो. क्रम लक्षात ठेवायचं ओझं पुढच्या माणसावर राहत नाही.

लेबल चालू असताना बदलता येतं ना? मग तिथेही तीच फट आहे: आयऑक्टल जुनं लेबल केफ्री करतोय आणि दुसऱ्या कोअरवर हँडलर तेच छापतोय. माझा सल्ला, पॉइंटरच काढून टाका. लेबलही ३२ बाइटचा अ‍ॅरे करा. १६ चॅनलना ५१२ बाइट, काहीच नाही. आयऑक्टलमध्ये आधी स्ट्रएनकॉपी_फ्रॉम_यूजर ने स्थानिक बफरमध्ये घ्या, कारण ते झोपू शकतं आणि स्पिनलॉकखाली चालत नाही. परत आलेली लांबी बफरइतकीच असेल तर शेवटचा शून्य बाइट आलेला नाही, तिथेच ईइनव्हल परत करा. मग स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह घेऊन स्ट्रएसकॉपी. हँडलरनेही छापताना तोच लॉक धरायचा, किंवा लॉकखाली ३२ बाइट उचलून नंतर छापायचं. दुसरं चांगलं: सिरियल कन्सोल मंद असतो, त्याच्यासाठी लॉक अडकवून ठेवू नये.

शोधायचं कसं: नुसतं स्लब_डीबग मोकळ्या मेमरीतलं *वाचन* पकडत नाही, फक्त *लिहिणं* पकडतं. वाचनासाठी केसॅन (मेमरीचा प्रत्येक वापर तपासणारं साधन) लावून कर्नल बांधा. साधा जेनेरिक केसॅन एक-अष्टमांश मेमरी शॅडोला घेतो आणि वेगही बराच उतरतो, टेस्ट बेंचला चालेल. फील्डमधल्या मशीनवर केफेन्स (तेच काम थोड्या नमुन्यांवर करणारं) ठेवा. डिफॉल्टला २५५ ऑब्जेक्ट, दर १०० मिलिसेकंदांना एक नमुना. लगेच नाही सापडणार, पण चालू ठेवायला स्वस्त आहे. इंटरप्टची लाइन शेअर्ड असेल तर डीबग_शर्क कॉन्फिग लावा: तो हँडलर काढताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवतो, म्हणजे ही फट दर वेळी उघडी पडते. एमएसआय (लाइनऐवजी संदेशाने येणारा इंटरप्ट) असेल तर त्याचा उपयोग नाही.

---

खान_नदीकाठ (इंदूर)

दोघांचेही आभार. रिमूव्ह मध्ये अगदी तेच आहे, आणि अट नलचीच होती. दोन शंका राहिल्या. मॅक्रोचं काय? आणि कार्डाच्या फर्मवेअरमधून १६ बाइटचं मॉडेल-नाव येतं, त्याच्या शेवटी शून्य बाइट असेलच असं नाही. ते आम्ही बफर मोठा ठेवून छापतो. बरोबर आहे ना?

---

मांडवी_बडोदा

मॅक्रो नको. व्हर्ट_अ‍ॅडर_व्हॅलिड एवढंच सांगतं की पत्ता कर्नलच्या सरळ मॅपमध्ये आहे. तुमच्या मॉड्यूलमधले अवतरणातले स्ट्रिंग आणि व्हीमॅलॉकची मेमरी त्या मॅपमध्ये नसतात, म्हणजे चांगले पॉइंटर नापास होतील. केफ्री झालेली मेमरी मात्र त्याच मॅपमध्ये असते, ती पास होईल. नेमकं उलटं.

कुणी म्हणेल, मग प्रिंटकेनेच आधी एक बाइट सांभाळून वाचून बघावा. हे करून झालंय. २०१९ मध्ये ५.२ च्या तयारीत नेमकी अशी तपासणी घातली होती, आणि ५.२ बाहेर पडण्याआधीच काढावी लागली. पॉवरपीसीवर बूटच्या सुरुवातीला, सीपीयूची फीचर तपासणी तयार होण्याआधीच, छपाईतून पत्ता-तपासणी, तिच्यातून पुन्हा छपाई, असं चक्र लागू शकत होतं. एस३९० वरही त्रास झाला. त्यानंतरच आजची दोन टोकांची तुलना उरली. प्रिंटके कुठूनही बोलावला जातो, त्याच्या आत जितकं कमी घडेल तितकं चांगलं.

---

राजवाडा_रात्रपाळी (इंदूर)

फर्मवेअरच्या नावाबद्दल: बफर मोठा ठेवून काही होत नाही. स्ट्रिंग_नोचेक शून्य बाइट किंवा प्रिसिजनची मर्यादा येईपर्यंत वाचतच राहतो. बफर भरला तरी लिहिणं थांबतं, वाचणं थांबत नाही, कारण त्याला एकूण लांबी परत द्यायची असते. तुमची मर्यादा वाचण्यावर हवी: %.१६एस, किंवा लांबी बदलती असेल तर %.*एस आणि लांबी आधी इंट म्हणून द्या.

आणखी एक. ५.११ पासून प्रिंटके तीच स्ट्रिंग दोनदा वाचतो: आधी छोट्याशा बफरवर लांबी मोजायला, मग रिंग बफरमध्ये जागा घेऊन खरं लिहायला. मधल्या वेळात स्ट्रिंग बदलली तर छापलेलं अर्धवट निघू शकतं. कार्डाच्या डीएमए मेमरीतून (जिथे कार्ड स्वतः लिहितं) थेट %एस कधीच नको, आधी मेमकॉपीने उचला. आणि फॉल्ट पहिल्या वाचनातच होतो, म्हणून दोषी ओळ लॉगमध्ये सापडत नाही. तिच्या आधीची ओळ शेवटची दिसते आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

खरोखर अनोळखी पत्ता वाचायचा असेल, म्हणजे डंप काढणारं डीबग साधन वगैरे, तर कॉपी_फ्रॉम_कर्नल_नोफॉल्ट, स्ट्रिंगसाठी स्ट्रएनकॉपी_फ्रॉम_कर्नल_नोफॉल्ट. ५.८ च्या आधी यातल्या पहिल्याचं नाव प्रोब_कर्नल_रीड होतं. एक्स८६ वर यूजरचे पत्ते आणि ते ६बी सारखे अशक्य पत्ते तो हात न लावताच नाकारतो, ईरेंज देतो. मॅप नसलेल्या पत्त्याला ईफॉल्ट. पण केफ्री झालेली मेमरी मॅप असतेच, तिथून तो आनंदाने कचरा देईल. आणि आयओरीमॅप केलेल्या पत्त्यावर तो खरंच रजिस्टर वाचेल. वाचलं की स्टेटस पुसलं जातं अशी रजिस्टरं तुमच्या कार्डावर असतील तर हे महागात पडेल.

ट्रेस इव्हेंट (कर्नलमधल्या घटनांची नोंद) वापरत असाल तर तिथे जास्त जपा. टीपी_प्रिंटके मधला %एस इव्हेंट घडताना वाचला जात नाही, कुणी ट्रेस फाइल उघडेल तेव्हा वाचला जातो, आणि तोवर मॉड्यूल काढलेलंही असू शकतं. तिथे स्ट्रिंग नोंदीतच कॉपी व्हायला हवी: घोषणेत __स्ट्रिंग, नोंदवताना __असाइन_एसटीआर, छापताना __गेट_एसटीआर.

---

लष्कर_ग्वाल्हेर

दुरुस्तीनंतर पडताळणी क्यूएमूमध्ये (आभासी मशीनमध्ये) करा, बेंचवर नको. छोटं मॉड्यूल, चार ओळी %एस च्या: नल, हेक्स एबी हा पत्ता, एरर पॉइंटरमध्ये गुंडाळलेला उणे ईनोमेम, आणि शेवटी ती ६बी ची रांग. अनुक्रमे ‘नल’, ‘ईफॉल्ट’, ‘ईफॉल्ट’ आणि जनरल प्रोटेक्शन फॉल्ट यायला हवा. चौथी ओळ इनिटमधून पाडलीत तर पॅनिक न होता फक्त इनस्मॉड (मॉड्यूल घालणारी आज्ञा) मरेल. पॅनिक_ऑन_ऊप्स मात्र शून्य ठेवा. मग केसॅनच्या कर्नलवर तुमचा ड्रायव्हर, १६ ही चॅनल चालू, आणि मॉड्यूल घालणं-काढणं एका लूपमध्ये रात्रभर. पीआर_डीबग (एरवी बंद असणाऱ्या छपाईच्या ओळी) असतील तर डायनॅमिक डीबगमधून तेही चालू करा. ते बंद असताना त्यांचे पॉइंटर वाचलेच जात नाहीत, आणि चूक लपून राहते.