मदत हवी आहे: दोन ब्लूज ज्युनिअर, आवाज मात्र वेगळा. कुठला ठेवू?

परभणी_सिंगलकॉइल
दोन फेंडर ब्लूज ज्युनिअर गिटार अ‍ॅम्प आहेत, त्यातला एकच ठेवायचाय. गिटार एक, केबल एक, सगळे नॉब सारख्या आकड्यावर. तरी एक खणखणीत वाजतो अन् दुसरा दबका. शिवाय दबका व्हॉल्यूम 4 च्या पुढं गेला की लगेच फाटतो. सर्किट सारखंच ना? मग असं कामून? ट्यूब (आतले काचेचे व्हॉल्व्ह) गेल्यात का? रविवारपर्यंत ठरवायचंय, लवकर सांगा.

नांदेड_स्ट्रॅट
तिसरं मॉडेल की चौथं? स्पीकर कोणता? दोन्ही जमिनीवर आहेत की एक खुर्चीवर? हे कळल्याशिवाय काय सांगणार? तिसऱ्यात एमिनन्सचा लाइटनिंग बोल्ट येतो, चौथ्यात सेलेशनचा ए-टाइप.

जालना_वाल्व्ह
ट्यूबच. दबक्याच्या व्ही1 मध्ये, म्हणजे पहिल्या ट्यूबच्या जागी, जुनी मुलार्ड कंपनीची 12एएक्स7 ट्यूब टाका, आवाज उघडतो की नाही बघा. आजकालच्या ट्यूबमध्ये तो दम नाही.

नांदेड_स्ट्रॅट
@जालना, विकत कशाला घ्यायला लावता? दुसरा अ‍ॅम्प शेजारी आहे की. अ‍ॅम्प बंद करा, थंड होऊ द्या, दोन्हींच्या व्ही1 ची अदलाबदल करा. दबकेपणा ट्यूबसोबत गेला तर ट्यूब, नाही गेला तर विषय संपला. ईएल84, म्हणजे पॉवरच्या ट्यूब, मात्र जोडीनंच बदला, एकेक नको. यात बायस (ट्यूबमधला स्थिर करंट) जुळवायचा प्रीसेट नाही, त्यामुळं विजोड जोडी लावली तर एक ट्यूब जास्त तापते अन् हम वाढतो.

बीड_पॉवरकॉर्ड
गणपतीत 15 वॅट पुरणार नाहीत. दोन्ही द्या अन् 40 वॅटचा हॉट रॉड डीलक्स घ्या.

लातूर_रीव्हर्ब
@बीड, त्यांनी ते विचारलंच नाही. अन् 15 चे 40 वॅट केले तरी फरक साधारण 4 डेसिबलचा. स्टेजवर माइक लावायचाच असतो.

@परभणी, नॉबच्या आकड्यांवर जाऊ नका. पोटेंशिओमीटरमध्ये 20 टक्क्यांची तफावत सहज असते, म्हणजे दोन अ‍ॅम्पचे 4 एकच नव्हेत. एक डेसिबलनं जरी मोठा असला तरी कानाला तोच ‘चांगला’ वाटतो. म्हणून आधी पातळी जुळवा. दोन्ही एकाच उंचीवर, भिंतीपासून सारखे लांब ठेवा. आवाज मोजायला मोबाइल एक मीटरवर कशाला तरी टेकवून ठेवा, अ‍ॅम्पमधून पिंक नॉइज (चाचणीचा सलग खरखराट) वाजवा अन् दोन्हींतला फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. मग लूपरमध्ये (वाजवलेलं रेकॉर्ड करून परत वाजवणारं पेडल) एकच तुकडा भरून तोच दोन्हींत सोडा. हातानं वाजवलं की बोटं नकळत अ‍ॅम्पप्रमाणं बदलतात, तुलना तिथंच बिघडते. अन् 12 इंची स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत जातात. अ‍ॅम्प घोट्याजवळ अन् कान पाच फुटांवर असले तर कुठलाही दबकाच वाटेल.

परभणी_सिंगलकॉइल
दोन्ही जमिनीवरच आहेत. मागून पाहिलं: खणखणीत चौथं मॉडेल, दबका तिसरं. दबका अमेरिकेतून आलाय, 110 व्होल्टच्या डब्यावर (स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर) चालवतो. त्यानं काय होतं?

संभाजीनगर_सोल्डर
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! अ‍ॅम्पच्या मागं 120 व्होल्ट लिहिलेलं असेल. डबा 230 चे 110 करतो. संध्याकाळी लाइन 200 वर आली की डब्यातून 96 च्या आसपासच निघतात. मग ट्यूब तापवणारा 6.3 व्होल्टचा हीटर 5 वर येतो, ट्यूबच्या आतल्या प्लेटचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली. हेडरूम, म्हणजे न फाटता मोठं होण्याची जागा, कमी, म्हणून लवकर फाटतो. दुसऱ्याचा हीटर त्याच लाइनवर साडेपाचच्या जवळ असतो. शिवाय डबा दोन पिनांचा असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे, माइकला ओठ लागला तर शॉक बसू शकतो. तीन पिनांचा, अर्थिंग पुढं जोडलेला अन् खरे 120 देणारा घ्या.

नांदेड_स्ट्रॅट
डबा चुकीचाच. पण 110 आणि 120 चा फरक डेसिबलही भरत नाही. दबकेपणा स्पीकरचा आहे, माझं मत बदललेलं नाही. दोन्ही 8 ओहमचे आहेत. अ‍ॅम्प बंद करून याचा स्पीकर त्याला अन् त्याचा याला जोडा. वायर पुरली नाही तर स्पीकर केबल वापरा, गिटारची शिल्डेड केबल नको. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प अजिबात चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

जालना_वाल्व्ह
स्पीकर बदला नाहीतर काही करा, मुलार्ड लावल्याशिवाय कळायचं नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ईएल84 मिळाल्या तर त्याही सोडू नका.

परभणी_सिंगलकॉइल
स्पीकर बदलून पाहिले. दबकेपणा एमिनन्ससोबत गेला. फाटणं मात्र अमेरिकेच्याच अ‍ॅम्पमध्ये राहिलं.

संभाजीनगर_सोल्डर
मग फाटणं व्होल्टेजचंच असावं. डब्यात अ‍ॅम्प चालू ठेवून मीटर एसीच्या 200 किंवा त्यावरच्या रेंजवर लावा अन् आउटपुट मोजा. लोड नसताना, म्हणजे अ‍ॅम्प न जोडता, आकडा जास्त दिसतो, त्यावर विसंबू नका. मोजणी झेपत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. 115 च्या खाली आलं तर आधी डबा बदला, मग लातूरकरांनी सांगितलं तशी पातळी जुळवून पुन्हा ऐका. तोवर कुठलाच अ‍ॅम्प देऊन टाकू नका.

बीड_पॉवरकॉर्ड
दोन्हीपैकी जो नको असेल त्याचा भाव किती?